शाळागृह आणि हवामान : गान्दो गावाचे एक उदाहरण

शिक्षणाचा विचार करताना पाठ्यपुस्तके, अध्यापनपद्धती, परीक्षा आणि हजेरी यांचा ऊहापोह नेहमी होतो. परंतु ज्या चार भिंतींच्या आत हे सर्व घडते त्या भिंतींचा आणि त्यांवरील छपराचा विचार शिक्षकवर्गात क्वचितच होतो. ते काम अभियंत्याचे व कंत्राटदाराचे असे समजून ते सोडून दिले जाते. वास्तविक इमारत बांधणारा आपले काम संपवून निघून जातो आणि तिचे गुणदोष वर्षानुवर्षे अनुभवावे लागतात ते शिक्षकाला व मुलांना. मार्चअखेरीस दुपारच्या तासाला पत्र्याखाली बसलेल्या वर्गाचे चित्र शिक्षकबंधुभगिनींना अपरिचित नाही. फळ्यावरील उदाहरण सोपे असते, सकाळी तेच मूल ते चटकन सोडविते. पण दुपारी त्याचे डोळे मिटू लागतात, घामाने वहीचे पान हाताला चिकटते आणि शिकविणाऱ्याचा आवाजही नकळत चढतो. अशा मुलाला आळशी म्हणणे न्यायाचे नव्हे. तापलेले असते छप्पर, आणि बोलणी खातो विद्यार्थी.

हवामान ओळखून आणि गावाला बरोबर घेऊन शाळागृह बांधले तर यात किती फरक पडतो, हे पाहण्यासाठी पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशातील गान्दो नावाच्या खेड्यातील प्राथमिक शाळा अभ्यासण्याजोगी आहे. ही शाळा २००१ साली बांधून झाली. अवघ्या तीन वर्गखोल्यांची ती इमारत. परंतु २००४ साली वास्तुरचनेसाठी दिला जाणारा आगाखान पुरस्कार तिला मिळाला, आणि तिचा रचनाकार दियेबेदो फ्रान्सिस केरे याला २०२२ साली प्रित्झकर हा वास्तुशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा सन्मान लाभला. तो मिळविणारा तो पहिला आफ्रिकी होय. शिक्षकांना मात्र या सन्मानांपेक्षा ती शाळा कशी उभी राहिली व ती थंड कशी राहते, हे जाणून घेण्यात अधिक स्वारस्य वाटेल.

देश, ऋतू आणि एक मुलगा

बुर्किना फासो हा चहूबाजूंनी भूमीने वेढलेला देश आहे. त्याला समुद्रकिनारा नाही. पूर्वी तो फ्रान्सच्या ताब्यात होता. १९६० साली तो स्वतंत्र झाला, तेव्हा त्याचे नाव अपर व्होल्टा असे होते; १९८४ साली ते बदलून बुर्किना फासो करण्यात आले. तेथील पावसाळा साधारणपणे जून ते सप्टेंबर या महिन्यांत असतो आणि त्यापूर्वीचे मार्च-एप्रिल हे महिने सर्वांत कडक. त्या दिवसांत पारा ४० अंश सेल्सिअसपर्यंत, कधी त्याच्याही वर जातो. हिवाळ्यात सहारा वाळवंटाकडून कोरडा, धुळीने भरलेला वारा वाहतो. पावसाचे महिने आणि उन्हाळ्याचा दाह या बाबतींत हे वर्णन वऱ्हाड-मराठवाड्यातील शिक्षकाला फारसे परके वाटणार नाही, आणि म्हणूनच त्या देशातील शाळेची हकीकत येथे उपयोगी पडते.

गान्दो हे त्या देशाच्या आग्नेय भागातील शेतीवर जगणारे खेडे. केरे याचा जन्म तेथे १९६५ साली गावप्रमुखाच्या घरी झाला. त्या वेळी गावात शाळा नव्हती. वडिलांनी हा थोरला मुलगा सात वर्षांचा असताना शिक्षणासाठी तेंकोदोगो या शहरवजा गावी पाठविला. तेथील वर्गात शंभरावर मुले दाटीने बसलेली असत. खोलीत उजेड अपुरा, वारा जवळजवळ नाही आणि उकाडा असह्य. त्या वर्गात घालविलेल्या तासांची आठवण त्याने पुढे अनेकदा सांगितली आहे. आपण कधी शाळा बांधलीच तर ती अशी नसावी, हा विचार तेथेच त्याच्या मनात रुजला.

सुटीत तो गावी येई आणि सुटी संपली की निरोप घेण्यासाठी घरोघर जाई. तेव्हा गावातील बाया वस्त्राच्या गाठीत जपून ठेवलेले शेवटचे नाणे काढून त्याच्या हातावर ठेवीत. या बायका मला इतक्या का मानतात, असे त्याने एकदा आईला विचारले. आईने सांगितले की, तू शिकशील आणि एक दिवस गावाची स्थिती सुधारण्यास मदत करशील, या आशेने त्या आपला वाटा देतात. गावातून शहरात शिकावयास गेलेल्या मुलाच्या पाठीशी कितीजणींची नाणी असतात, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

केरे प्रथम सुतारकाम शिकला. १९८५ साली सुतारकामाच्याच शिष्यवृत्तीवर तो जर्मनीत बर्लिनला गेला. दिवसा छपरे व लाकूडसामान बनविण्याचे शिक्षण आणि रात्रशाळेत माध्यमिक अभ्यास, असा क्रम त्याने चालविला. १९९५ साली बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात वास्तुशास्त्राच्या अभ्यासासाठी त्याला शिष्यवृत्ती मिळाली. पदवी हाती पडली ती २००४ साली. याचा अर्थ असा की, गान्दोची शाळा बांधली तेव्हा तो विद्यार्थीच होता! १९९८ साली त्याने जर्मनीतील सहकाऱ्यांसह एक छोटी संस्था काढली व तिच्याद्वारे शाळेसाठी पैसा जमविण्यास आरंभ केला. देणगीदारांची दारे ठोठावण्यात बराच काळ गेला. पैसा जमला तो शहरी मापाने अल्पच होता. आणि हा अल्पपणाच पुढे रचनेतील बऱ्याच शहाणपणाला कारणीभूत झाला.

उष्णतेच्या वाटा

वर्गखोली तापते म्हणजे नेमके काय होते, हे प्रथम पाहिले पाहिजे. त्या देशात, आणि आपल्याकडेही, नेहमीची स्वस्त शाळा म्हणजे सिमेंटच्या पातळ भिंती, त्यांवर थेट टेकलेला पन्हळी पत्रा आणि लहान खिडक्या. पत्रा अतिशय पातळ असल्याने सूर्य वर येताच थोड्या वेळात तापतो. तापलेला पत्रा आपली उष्णता दोन रीतींनी खाली देतो. एक तर त्याला लागून असलेली हवा गरम होते. पण त्याहून त्रासदायक म्हणजे चुलीसमोर बसल्यावर जशी झळ अंगाला लागते तशी त्याची झळ थेट मुलांच्या डोक्यावर येते. गरम हवा हलकी होऊन वर चढते खरी, परंतु वर पत्रा आणि बाजूला भिंत. तिला जावयास वाट नाही. ती तेथेच साचते व हळूहळू खाली उतरू लागते. विजेचा पंखा असला तर तो तीच हवा ढवळून खाली आणतो. गान्दोत त्या वेळी वीज नव्हती. त्यामुळे पंख्याचा प्रश्नच उद्भवला नाही, आणि उष्णतेला वाट काढून देण्याचे काम इमारतीलाच करावे लागले.

केरे याच्या रचनेत पत्रा टाकून दिलेला नाही, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. पाऊस अडविण्यास पत्र्यासारखी स्वस्त व हलकी वस्तू तेथे दुसरी मिळाली नसती. त्याने पत्रा ठेवला, पण तो भिंतींपासून सोडवून उंच उचलला. वर्गाच्या माथ्यावर प्रथम एक वेगळे छत आहे. खोलीच्या रुंदीवरून काँक्रीटच्या तुळया, त्यांवर आडव्या लोखंडी सळ्या आणि त्या सळ्यांवर मातीच्या विटा मांडून ते केलेले आहे. त्यात हवा जाण्यासाठी फटी राखल्या आहेत. या छताच्या वर बरेच अंतर सोडून लोखंडी कैच्यांवर पत्र्याचे मोठे छप्पर आहे. पत्रा तापतो, तो तापणारच. पण त्याची झळ मुलांपर्यंत न पोचता मातीच्या छतावर पडते. छत व पत्रा यांमधील मोकळ्या जागेतून वारा आरपार वाहतो व तेथील गरम हवा घेऊन जातो. वर्गातील गरम हवा छताच्या फटींतून वर चढून त्याच वाऱ्याला मिळते, आणि तिच्या जागी खिडक्यांतून बाहेरची हवा आत येते. छत्री उन्हात तापली तरी ती डोक्याला टेकलेली नसल्याने खाली सावलीच मिळते, हे मुलांना सांगितले तर या रचनेचे अर्धे मर्म त्यांच्या ध्यानी येईल.

पत्र्याचे हे छप्पर भिंतींच्या पुष्कळ बाहेर आलेले आहे. त्यामुळे ऊन भिंतीवर सरळ पडत नाही आणि पावसाळ्यात पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात. मातीच्या भिंतीला खरा धोका पाण्याचा. डोक्यावर रुंद छप्पर आणि पायाशी दगडाचे काम असले म्हणजे तिचे आयुष्य वाढते. जुन्या गवंड्यांना हे चांगले ठाऊक असते; वळचण आखूड ठेवून केलेली मातीची भिंत पुढे पोपडे धरू लागली की दोष मातीला दिला जातो, वळचणीला कोणी देत नाही.

भिंती जाड असल्याने त्या उष्णता सावकाश घेतात व सावकाश सोडतात. दुपारचे ऊन आतल्या बाजूपर्यंत पोचते न पोचते तोच शाळा सुटण्याची वेळ होते. तिन्ही वर्गखोल्या एका ओळीत आहेत. मात्र त्या एकमेकींना चिकटविलेल्या नाहीत. दोन खोल्यांमध्ये वरून छप्पर असलेली मोकळी जागा सोडली आहे. ही जागा वारा खेळविते, एका वर्गाचा गलका दुसऱ्यात जाऊ देत नाही आणि मुलांना खेळावयास किंवा शिक्षकाला बाहेर वर्ग घ्यावयास उपयोगी पडते. खिडक्यांना लोखंडी झडपा असून ऊन व वारा पाहून त्या कमीअधिक उघडता येतात. एवढे सारे करण्यास कोणतेही दुर्मिळ यंत्र लागलेले नाही.

मातीविषयीची शंका

मराठीत घराची प्रतवारी करताना 'पक्के' आणि 'कच्चे' असे दोन शब्द वापरले जातात. सिमेंट म्हणजे पक्के व माती म्हणजे कच्चे, हा निवाडा त्या शब्दांतच दडलेला आहे. गान्दोच्या लोकांचे मतही असेच होते, आणि ते अडाणीपणाचे मुळीच नव्हते. त्यांची स्वतःची घरे मातीची होती व दर पावसाळ्यात ती झडत, पडत, पुन्हा लिंपावी लागत. युरोपात शिकलेला आपला मुलगा परत येऊन पुन्हा मातीच पुढे करतो, हे पाहून ते निराश झाले. माती पावसात टिकत नाही हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे आणि हा त्याच मातीची शाळा बांधावयास सांगतो, असे त्यांना वाटले. त्यांची समजूत व्याख्यानाने घालण्याजोगी नव्हती. काम करून, करवून आणि टिकवून दाखविणे एवढाच मार्ग होता.

त्याने जी माती वापरली ती जशीच्या तशी नव्हे. गावातील माती घेऊन तीत थोडे सिमेंट मिसळण्यात आले, बेताचे पाणी घालण्यात आले आणि साच्यात दाबून विटा पाडण्यात आल्या. अशा विटा दाबण्याची हातयंत्रे अनेक देशांत वापरली जातात. त्यांतील एक प्रसिद्ध यंत्र १९५० नंतरच्या दशकात दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात बोगोटा येथे तयार झाले. दाबामुळे मातीचे कण एकमेकांशी घट्ट बसतात, सिमेंटमुळे पाण्याने विरघळण्याची भीती पुष्कळ कमी होते, आणि वीट भाजावी लागत नाही. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व सरपणासाठी दूरवर जावे लागणाऱ्या गावातील बायकांना सर्वांत आधी कळते. वीटभट्टीला लागणारे जळण अशा कोरड्या मुलखात झाडे तोडूनच येत असते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ही शाळा 'केवळ मातीची' नाही. तीत सिमेंट आहे, लोखंड आहे, पत्रा आहे. जुन्याचे गुणगान करून लोकांना मागे नेण्याचा तो उद्योग नव्हता. जेथे माती चांगले काम देते तेथे माती, आणि जेथे ती कमी पडते तेथे विकत आणलेली वस्तू, मग ती थोडी व विचारपूर्वक, असा हिशेब त्यामागे होता. मातीविषयी अतिशय हळवे होऊन लिहिणाऱ्यांनी हा हिशेब नजरेआड करू नये.

गावाचे हात

इमारतीच्या अभ्यासात येथवरचा भाग विज्ञानाचा झाला. पुढचा भाग समाजशिक्षणाचा आहे, आणि तोच अधिक मोलाचा मानावा लागेल.

शाळेच्या पायासाठी दगड गोळा केले ते मुलांनी. विटांसाठी पाणी डोक्यावरून वाहून आणले ते बायकांनी. विटा पाडल्या, भिंती उभारल्या ते गावातील तरुणांनी, आणि हे करीत असतानाच ते काम शिकले. छपराच्या कैच्यांची हकीकत तर विशेष बोधप्रद आहे. तयार कैच्या दुरून आणून यंत्राने वर चढविणे परवडणारे नव्हते. तेव्हा काँक्रीटमध्ये घालतात त्याच साध्या लोखंडी सळ्या घेऊन, हाताची करवत आणि एक लहानसे वेल्डिंग यंत्र एवढ्या साधनांवर गावातच हलक्या कैच्या जोडण्यात आल्या. करवत चालविणे आणि सांधा जोडणे या दोन गोष्टी शिकविल्यावर जे काम होऊ शकेल असेच काम रचनाकाराने आखले होते. शिकणाऱ्याची तयारी पाहून पाठाची काठिण्यपातळी ठरविणे हे शिक्षक रोज करतो. एखादा वास्तुकारही तसे करू शकतो, ही गोष्ट सहसा पाहावयास मिळत नाही.

जमिनीचे काम बायकांचे. ओळीने उभ्या राहून लाकडी चोपण्यांनी एका तालात त्या तासन्‌तास माती चोपीत, आणि नंतर दगडाने घासून ती गुळगुळीत करीत. आपल्याकडे सुगीपूर्वी खळे तयार करताना जमीन चोपून, सारवून ती अशी करतात की दाणा मातीत हरवत नाही. त्याच जातीचे हे कौशल्य आहे. शाळेच्या बांधकामात अशा कौशल्याला मानाचे स्थान मिळाले, तेव्हा आपल्याला येणारी विद्या ही देखील विद्याच आहे, असे त्या बायकांना वाटले असल्यास नवल नाही.

याच्या उलट एक उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. इजिप्त देशात लक्सर शहरासमोर, नाईल नदीच्या पश्चिमेस, हसन फतही या थोर वास्तुशास्त्रज्ञाने १९४५ सालानंतर नवे गुर्ना हे गाव कच्च्या विटांनी वसविण्यास आरंभ केला. लाकडाचा आधार न देता विटांच्या कमानी व घुमट उभारण्याची न्युबिया प्रांतातील गवंड्यांची जुनी विद्या त्याने तेथे उपयोगात आणली. रचना हवामानाला साजेशी, खर्च बेताचा आणि दर्शन सुंदर. तथापि ज्या लोकांना तेथे हलवावयाचे होते ते प्राचीन थडग्यांच्या टेकडीवर राहत होते आणि ती जागा सोडण्याची त्यांची बिलकूल इच्छा नव्हती. हलविण्याचा निर्णय त्यांचा नव्हता. तो सरकारचा होता. काम १९४८ च्या सुमारास थांबले आणि गाव अर्धेच राहिले. फतही याला गावकऱ्यांविषयी कळकळ नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ज्यांच्यासाठी बांधावयाचे त्यांनी मागितले नसेल तर उत्तम वीटही त्यांना तेथे आणू शकत नाही. गान्दोत शाळा गावाला हवी होती. वाद होता तो केवळ कशाने बांधावी याचा. दोन्ही प्रयोगांच्या फळांत एवढे अंतर पडण्याचे मुख्य कारण हेच दिसते.

गान्दोत शिकलेले तरुण पुढे तेथेच थांबले नाहीत. शेजारच्या दोन गावांनी त्याच रीतीने, सहकाराने, आपापल्या शाळा बांधल्या. सरकारी अधिकाऱ्यांनी या प्रयत्नाची दखल घेऊन शाळेला शिक्षक दिले व त्यांच्या वेतनाची सोय केली; गान्दोत तयार झालेल्या कारागिरांना सार्वजनिक बांधकामांत घेण्याचाही प्रयत्न केला. ज्याने भिंत स्वतः बांधली आहे त्याला ती दुरुस्त करण्यासाठी शहराकडे पाहावे लागत नाही. आपल्याकडे कित्येक शाळांचे एखादे फुटके कौल किंवा उडालेला पत्रा महिनोन्‌महिने तसाच राहतो, तो पैशाच्या अभावी राहतो तितकाच 'हे काम आपले नव्हे' या भावनेमुळेही राहतो.

शिक्षकांची घरे आणि पुढील काम

शाळा झाली, पण दूरच्या खेड्यात शिक्षकाने राहावे कोठे? ही अडचण सर्व देशांत सारखीच. गान्दोत २००४ साली शिक्षकांसाठी सहा घरे बांधण्यात आली. ती एका सरळ रांगेत, चाळीसारखी नव्हेत, तर मोठ्या अर्धवर्तुळाकार वळणावर मांडली आहेत. कारण त्या भागातील कुटुंबांच्या झोपड्या परंपरेने अशाच गोलाकार मांडणीत असतात. शिक्षकाचे घर गावापासून निराळे, परके दिसू नये हा त्यामागील हेतू. त्यांची छपरे मातीच्या विटांच्या कमानींची आहेत. अशी कमान तेथील लोकांना नवी होती, आणि तीही त्यांनी शिकून घेतली.

आरंभी ही शाळा सुमारे १२० मुलांसाठी होती. आसपासच्या गावांतून मुले येऊ लागली व पुढे पटसंख्या ७०० च्या घरात गेली. त्यासाठी २००८ साली शाळेचा विस्तार करण्यात आला. या नव्या भागात सपाट छताऐवजी विटांचे कमानदार छत असून त्यात हवेसाठी फटी ठेवल्या आहेत. म्हणजे पहिल्या शाळेत जे शिकावयास मिळाले त्यात सुधारणा करण्यात आली. ग्रंथालयाच्या छताची कल्पना मुलांना हमखास आवडेल. गावातील बायकांनी घडविलेली मातीची मडकी शाळेच्या जागी आणण्यात आली, ती वरून व खालून कापून त्यांची नळकांडी केली आणि छताचे काँक्रीट ओतताना ती त्यात बसविली. त्या गोल भोकांतून उजेड खाली येतो व गरम हवा वर निघून जाते. भोक ठेवण्यासाठी साचा विकत आणावा लागला नाही.

वर्गात काय करता येईल

गान्दोची शाळा उचलून महाराष्ट्रात आणावी असा या लेखाचा आशय नाही. कोकणातील मुसळधार पावसाला तीव्र उताराचे कौलारू छप्परच साजते. खानदेशातील धाबे आणि सोलापूर-मराठवाड्याकडील माळवद ही कमी पावसाच्या व कडक उन्हाच्या मुलखातील उत्तरे आहेत. मातीही सर्वत्र सारखी नाही. कापसाची काळी जमीन ओली झाली की फुगते, वाळली की तिला भेगा पडतात. विटांना ती एकटी चालत नाही. म्हणूनच घरासाठी गावठाणाच्या पांढरीची माती आणण्याचा प्रघात पडला. गावातील वयोवृद्ध गवंड्याला एखाद्या दिवशी वर्गात पाहुणा म्हणून बोलवावे आणि कोणती माती कशाला, ती किती दिवस भिजवावी, तीत काय कालवावे, हे मुलांनी त्याला विचारून लिहून घ्यावे. अशी माणसे आता थोडी उरली आहेत.

माती पारखण्याचा एक सोपा प्रयोग असा. काचेच्या सरळ बाटलीत एक तृतीयांश माती घालून वर पाणी भरावे, चिमूटभर मीठ टाकून बाटली खूप हलवावी आणि दिवसभर न हलविता ठेवावी. प्रथम वाळू तळाशी बसते, तिच्यावर बारीक गाळ व सर्वांत वर चिकणमाती. थरांची उंची पट्टीने मोजून मुलांनी तिचे अपूर्णांक करावेत. येथे विज्ञानाबरोबर गणिताचाही पाठ होतो. ओढ्याची, शेताची आणि पांढरीची अशा तीन बाटल्या शेजारी ठेवल्या तर फरक न सांगताही दिसतो. ओल किती असावी हे पाहण्यासाठी ओलसर मातीचा लाडू करून छातीच्या उंचीवरून कठीण जमिनीवर टाकावा. तो भुगा झाला तर माती कोरडी, नुसता चपटा झाला तर जास्त ओली, आणि चारपाच ढेकळांत फुटला तर दाबून वीट करण्याजोगी.

छपराच्या प्रयोगासाठी सारख्या आकाराची तीन पुठ्ठ्याची खोकी घ्यावीत व प्रत्येकाच्या समोरासमोरच्या बाजूंना सारख्याच खिडक्या कापाव्यात. पहिल्यावर पत्र्याचा तुकडा थेट ठेवावा. दुसऱ्यावरही तसाच पत्रा, परंतु त्याला वरून चुन्याचे दोन हात द्यावेत. तिसऱ्यावर प्रथम कौलांचे तुकडे मध्ये फटी ठेवून मांडावेत आणि त्यांवर चार खड्यांच्या आधाराने चार बोटे उंच पत्रा ठेवावा. प्रत्येक खोक्यात तापमापक अशा रीतीने टांगावा की तो पत्र्याला किंवा बाजूला लागणार नाही व त्यावर ऊन पडणार नाही. खोकी उन्हात ठेवण्यापूर्वी कोणते किती तापेल याचा अंदाज मुलांकडून लिहून घ्यावा. नंतर सकाळी अकरा ते दुपारी चार दर अर्ध्या तासाने आकडे नोंदवून आलेख काढावा. अंदाज चुकलेल्या मुलाला चुकीचे कारण शोधावयास सांगावे, ते बहुधा वारा आणि झळ यांतील फरकापाशी सापडते.

यानंतर तोच तापमापक वर्गात आणावा. एक नोंद फळ्याच्या उंचीवर, एक बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर, एक छपरापासून हातभर खाली आणि एक बाहेर झाडाच्या सावलीत, अशा चार जागा ठरवून मार्चपासून सत्र संपेपर्यंत दररोज दुपारी दोन वाजता मुलांनी पाळीपाळीने नोंद ठेवावी. वहीच्या पहिल्या पानावर छपराचा प्रकार, भिंतीची जाडी, खिडक्यांची संख्या व दिशा आणि आवारातील झाडे लिहावीत. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ही वही मांडावी, आणि छपराच्या दुरुस्तीचा किंवा नव्या खोलीचा प्रस्ताव पाठविताना तिची नक्कल त्यासोबत जोडावी.